बाबांची बारावी

मार्च लागला की मला अजूनही वाटतं, आपलं काहीतरी वाचायचं राहून गेलंय. नोकरी संपून चार वर्षं झाली. कुणाची परीक्षा घ्यायची नाही, कुणाला द्यायची नाही. तरी सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत आले, समोरच्या गच्चीवर एखादी मुलगी वही छातीशी धरून, ओठ हलवत फेऱ्या मारताना दिसली, की मीही मनातल्या मनात सूत्रं म्हणायला लागते. कडुनिंब मोहरलेला असतो. नागपुरात हा मोहोर आणि बारावीचा पेपर बरोबरच येतात, आणि इतक्या वर्षांनंतर मला त्या वासातून परीक्षा वेगळी काढता येत नाही. लोकांना मोहोराच्या वासानं प्रसन्न वाटतं म्हणे. मला घाम फुटतो.

गेल्या आठवड्यात आमच्याच इमारतीतली ऋचा वही घेऊन आली. गुणी पोरगी आहे, पण क्लासवाल्यांनी पार घोड्यावर बसवलंय. आल्या आल्या विचारते, "मावशी, हे परम्युटेशन की कॉम्बिनेशन?" आता, हा प्रश्न मी उभ्या नोकरीत इतक्यांदा ऐकलाय की त्याचं उत्तर देण्याआधी माझ्या भुवया आपोआप वर जातात. मी म्हटलं, "नाव नंतर ठेव बाई. आधी पोर तर बघ. चार-दोन रांगा लिही, मोज, मग कळेल काय आहे ते." ती घड्याळाकडे बघत म्हणाली, "मोजायला वेळ कुठे आहे?"

मी वही मिटून तिच्या हातात दिली. तिला वाटलं मावशी रागावली. तिला काय माहीत, हेच वाक्य, याच सुरात, सतरा वर्षांची असताना मी माझ्या बापाला ऐकवलं होतं.

तेव्हा आम्ही नागपूरजवळ कोराडीला राहायचो, वीज केंद्राच्या कॉलनीत. ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे मोरी आणि आईनं हौसेनं लावलेला कढीपत्ता. बाबा केंद्रात हेल्पर होते. तासातासाला मीटर पाहायचे आणि लॉगशीटवर, म्हणजे रकाने आखलेल्या एका लांबरुंद कागदावर, आकडे लिहायचे, हे त्यांच्या कामातलं मुख्य काम. मूळचे रामटेककडचे, धानाच्या शेतीतले. जुन्या काळी मॅट्रिक झाले आणि तिथंच थांबले. त्यांच्या वरची जागा ऑपरेटरची. हेल्परनं आकडा लिहायचा आणि ऑपरेटरनं त्या आकड्यावर काय करायचं ते ठरवायचं, असा फरक बाबा आम्हाला सांगत. "आकडा मी पाहातो अन् खुर्चीत दुसराच बसते," हे ते हसत म्हणायचे, पण दर आठ दिवसांनी म्हणायचे, त्यावरून आम्हाला काय ते कळायचं.

त्या वर्षी ऑफिसातून कळलं की ऑपरेटरच्या जागेसाठी बारावी पास हवी, आणि बारावीला गणित घेतलेलं हवं. बाबा तेव्हा बेचाळीस-त्रेचाळीसचे असतील. आमच्याकडे बाहेरून परीक्षेला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरायचा असतो. तो फॉर्म बाबांनी कुणालाही न विचारता भरला आणि मग एका संध्याकाळी, ताटावर बसल्या बसल्या, जाहीर केलं.

आईच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. "अजी, डोक्शाले ऊन लागलं काय? पोरगी बारावीले, अन् तुम्ही बी बारावीले?"

"मंग? एकाच खर्चात दोघं होतात. पुस्तकं घरातच हायेत." बाबा माझ्याकडे वळले. "मंदी शिकवते मले. शिकवशीन ना वं, मंदे?"

मी मान हलवली. नाही कसं म्हणणार? पण खरं सांगायचं तर मला आतून लाजच वाटली. माझ्या वर्गातल्या मुलींचे वडील त्यांना अभ्यासाला बसवत होते, आणि माझे वडील माझ्याकडे अभ्यासाला बसणार होते.

फेब्रुवारीत कॉलेजला तयारीची सुटी लागली आणि आमचं सुरू झालं. बाबांची पहिली पाळी असली की ते दोनला सुटत. घरी येऊन आंघोळ, जेवण, आणि बरोबर तीनला व्हरांड्यात हजर, डोक्याला तेल, भांग पाडलेला, नवी वही, दोन पेन्सिली. मी खाटेवर बसायचे आणि ते खाली सतरंजीवर. मी म्हणाले, बाबा वर बसा, मला कसंतरीच वाटतं. तर म्हणाले, "शिकवनारं माणूस वर बसते. रीत हाय." दुपार अशी तापलेली असायची की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. पळसाची फुलं कुंपणापलीकडे पेटल्यासारखी दिसायची. वाऱ्याबरोबर चिमणीची बारीक राख यायची आणि वहीच्या पानावर बसायची. बाबा प्रत्येक गणित सुरू करण्याआधी पानावर एक फुंकर मारायचे. मग पुढे पुढे राख नसली तरी मारायचे.

पुस्तकं घरातच आहेत ही बाबांची समजूत चुकीची निघाली. मी दहावीपर्यंत मराठीत शिकले आणि अकरावीत सायन्सला गेल्यावर धाडकन इंग्रजीत पडले. बाबांनी आर्ट्स आणि गणित असं घेतलेलं, सगळं मराठीत. त्यामुळे माझ्या पुस्तकात परम्युटेशन, त्यांच्या पुस्तकात क्रमचय. माझी प्रोबॅबिलिटी, त्यांची संभाव्यता. गणित तेच, उत्तर तेच. मला त्यांचे शब्द आधी हास्यास्पद वाटले. पण 'संभाव्यता' हा शब्द बाबा इतका जपून उच्चारायचे, एखादी काचेची बरणी फळीवर ठेवावी तसा, की तो अजून माझ्या कानात आहे. पुढे पस्तीस वर्षं मी मुलांना प्रोबॅबिलिटीच शिकवली, मनात मात्र कायम संभाव्यताच म्हणत आले.

बीजगणित त्यांना जमलं. त्रिकोणमितीनं नाकी नऊ आणले, पण तीही पाठ केली. घोडं अडलं ते मोजण्याच्या गणितांशी, आणि गंमत म्हणजे त्यांना सगळ्यांत आवडायचं तेच प्रकरण. किती प्रकारे बसतील, किती प्रकारे निवडता येतील, किती संख्या तयार होतील. पुस्तकातले अ, ब, क, ड, इ त्यांना पटायचे नाहीत. "हे कोन लोक हायेत? नाव नाही, गाव नाही." मग ते आपल्या पाळीतली माणसं आणून बसवायचे. पांडुरंग, शेषराव, सुखदेव, गणपत आणि युसूफ. एकदा गणित होतं, पाच जणांना एका रांगेत अशा रीतीनं बसवा की त्यांतले ठरावीक दोघं शेजारी येणार नाहीत. बाबांनी शेषराव आणि गणपतला वेगळं करायचं ठरवलं आणि तिथंच अडकले.

"काहून नाही बसत हे दोघं शेजारी?"

"बाबा, तशी अट आहे."

"अट काहून हाय? भांडन झालं अशीन. गणपत जरा तापट हाय, पन मनाचा चांगला." थोडा वेळ विचार करून म्हणाले, "असं कर, मी बोलतो दोघांशी. भांडन मिटलं की मंग सरळ पुरे एकशे वीस होतात. हाय काय, नाही काय!"

आई स्वयंपाकघरातून खो खो हसली. मीही हसले. हसले, हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं सांगताना मी नुसती चिडकी होते असं वाटेल.

पण त्यांची खरी खोड निराळी होती. ते सगळं लिहून काढायचे. पाच माणसांच्या एकशे वीस रांगा. पां शे सु ग यु, पां शे सु यु ग, अशा एकाखाली एक, पट्टीनं रकाने आखून, शेवटी बेरीज. मी सांगायचे, अहो पाच गुणिले चार गुणिले तीन गुणिले दोन, झालं. ते माझ्यासमोर सूत्र लिहून दाखवायचे, पाठ होतं त्यांना, माझ्यापेक्षा सुवाच्य अक्षरात. आणि मग शांतपणे रांगा मांडायला बसायचे.

"सूत्र येतं ना तुम्हाला? मग हे काय?"

"सूत्र आकडा सांगते. मी आकडा पाहून घेतो."

"पण तो बरोबरच असतो!"

"अशीन ना. मी कोठं नाही म्हनतो? पन पोरी, वीस वर्षं झाली मले, मीटर पाह्यल्याशिवाय लॉगशीटवर आकडा लिहिला नाही. मागच्या तासाले जो होता तोच आताही अशीन, हे मलेबी माहीत असते. तरी मी उठतो, जातो, पाहातो, मंग लिहितो. आता या वयात हात दुसरं ऐकत नाही."

मी कपाळाला हात लावायचे. आणि तरीही, त्यांच्या या खोडीनं मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलं होतं. गणित असं होतं: दोन नाणी उडवली, निदान एकावर तरी छापा आहे हे कळलं, तर दोन्हींवर छापा असण्याची संभाव्यता किती? मी बघितल्या बघितल्या म्हटलं, निम्मी. एकावर छापा आहेच, दुसऱ्यावर छापा किंवा काटा. सोपं तर आहे. बाबांनी खिशातनं दोन नाणी काढली, सतरंजीवर ठेवली आणि आपलं मांडणं सुरू केलं. छापा छापा. छापा काटा. काटा छापा. काटा काटा. मग काटा काटावर फुली मारली, कारण निदान एक छापा आहे म्हणून सांगितलंय. उरलेल्या तिन्हींवर बोट ठेवून म्हणाले, "तीनात एक."

"नाही बाबा, दोनात एक."

"मंग यातला कोनता खोडू, ते सांग."

मी बघत राहिले. खोडण्यासारखा एकही नव्हता. पुस्तकाच्या मागचं उत्तर काढलं, तर एक तृतीयांश. बाबांनी मिरवलं नाही, टोमणा मारला नाही. नुसतं "पाह्य बरं" म्हणून नाणी खिशात टाकली आणि आईला चहा टाकायला सांगितलं. मी मात्र त्या दिवशी उरलेला वेळ फुरंगटून बसले होते. सतरा वर्षांच्या पोरीला बापाकडून हरणं जड जातं, त्यातून बाप शिष्य असला तर विचारूच नका.

आता वाटतं, तेव्हा थोडं थांबले असते तर? पण मार्च अंगावर येत होता. मला नव्वदच्या वर हवे होते, बी.एस्सी.ला नागपुरातल्या कॉलेजात जायचं होतं, आणि बाबांचे शंभर प्रश्न. परीक्षेला पंधरा दिवस उरले तेव्हा मी सांगून टाकलं, "बाबा, आता माझं मला बघू द्या. आणि तुम्ही ते लिहीत बसणं सोडा. तीन तासांचा पेपर असतो. मोजायला वेळ कुठे आहे?"

"बरोबर हाय तुहं," ते म्हणाले. "तू तुहं पाह्य. मी करतो माह्या मनानं."

त्यानंतर ते सतरंजी घेऊन मागच्या बाजूला, कढीपत्त्यापाशी बसायला लागले. मी व्हरांड्यात, ते मागे. मधल्या खोलीत आई कुरडयांचा गहू वाटत असायची आणि कधी इकडे, कधी तिकडे बघायची. फुंकर मारल्याचा आवाज मला व्हरांड्यात ऐकू यायचा. एकदाही उठून गेले नाही मी. माझ्या मैत्रिणीनं, सुलभानं, एकदा विचारलं होतं, की तुमच्या घरी अजून कुणी बारावीला आहे का गं, तुझी आई दोन हॉल तिकिटांचं काहीतरी म्हणत होती. मी सांगितलं, हो, एक लांबचे नातेवाईक आहेत. लांबचे! अठरा पावलांवर बसले होते.

गणिताच्या पेपरला आम्ही एकाच बसनं निघालो. आईनं दोघांच्या हातावर दही-साखर ठेवली, आधी त्यांच्या, मग माझ्या. बाबांनी ठेवणीतला पांढरा शर्ट घातला होता. आमची केंद्रं वेगळी, त्यामुळे नागपुरात बर्डीला उतरून दोन दिशांना गेलो. जाताना ते म्हणाले, "शांतपणे लिहिजो." मी म्हटलं, "तुम्हीच भराभरा लिहा." बस, एवढंच. पाया पडायचंही सुचलं नाही.

पेपर सुटला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. माझा पेपर छान गेला होता आणि मी हवेत होते. ठरल्याप्रमाणे बर्डीच्या स्टॉपवर आले तर बाबा आधीच सावलीत उभे, हातात माझ्यासाठी संत्र्यांची पुडी. बस भरलेली. आम्हाला पुढे-मागे जागा मिळाली, कॉलनीतली निम्मी बाजारहाटाला आलेली माणसं त्याच बसमध्ये. बाबांचा चेहरा उजळला होता. ते वळून म्हणाले, "तो आला होता वं! पाच जनं, दोघं शेजारी नको! बहात्तर आले माहे."

"हो, बहात्तरच," मी म्हटलं. "आणि बाकीचं?"

"बाकीचं थोडं राहिलं. तो पुरा केला पन. एक बी रांग सुटली नाही."

मला आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं. "बाबा, तुम्ही लिहून काढलं? बहात्तरच्या बहात्तर? पेपरात?"

"आधी एकशे वीस मांडल्या, मंग खोडल्या. दोन पुरवन्या लागल्या."

आणि माझा तोल गेला. कशानं गेला, आज सांगता येत नाही. भीतीनं, बहुतेक. तो माणूस नापास होणार हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं, आणि ते मी थांबवू शकले असते हेही दिसलं असेल. भर बसमध्ये मी ओरडले, "एकशे वीस वजा अठ्ठेचाळीस! दोन ओळींचं गणित होतं ते! चाळीस वेळा सांगितलं होतं ना मी? अक्कल काय गहाण ठेवली होती?"

कंडक्टरनं वळून पाहिलं. आमच्या मागच्या क्वार्टरमधल्या काकू खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाबांनी हातातलं तिकीट उलटंसुलटं केलं. मग माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाले, "हो वं. चुकलंच माहं."

संत्र्यांची पुडी कोराडीपर्यंत तशीच बांधलेली राहिली.

निकाल लागला. मला गणितात त्र्याण्णव. बाबा सगळ्या विषयांत पास आणि गणितात पाच गुणांनी नापास. त्यांनी कॉलनीभर पेढे वाटले, माझे. स्वतःच्या निकालाचं कुणी विचारलं तर म्हणत, "माहं काय घेऊन बसले? पोरीचं पाहा." ऑक्टोबरात पुन्हा बसता आलं असतं, फक्त गणिताला. पाच गुण म्हणजे काहीच नाही हो, एका दुपारचं काम. त्यांनी फॉर्म भरला नाही. मीही भरा म्हणाले नाही. माझं कॉलेज सुरू झालं होतं, बसच्या वेळा, नव्या मैत्रिणी, प्रॅक्टिकलच्या वह्या. ऑपरेटरच्या जागेवर दुसरा माणूस आला, बाबांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. बाबा हेल्पर म्हणूनच निवृत्त झाले.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. त्या दिवसानंतर बाबांनी मला कधी काही विचारलं नाही. गणित तर नाहीच, पण साधं, हे इंग्रजीत काय लिहिलंय, हा फॉर्म कसा भरायचा, घड्याळाचा गजर कसा लावायचा, काहीच नाही. ते सगळं शेजारच्या पोरांना विचारायचे. माझ्याशी बोलायचे, हसायचे, माझी बढाई मारायचे, माझ्या लग्नात ढसाढसा रडले. पण विचारलं नाही. माझ्या आयुष्यात मी हजारो मुलांच्या शंका सोडवल्या. त्यांच्यापैकी एकानंही 'हे दोघं शेजारी काहून नाही बसत' असं विचारलं नाही, आणि मी वाट पाहत राहिले. त्या दुपारी मला परत हव्या आहेत. तो तापलेला व्हरांडा, राख, आणि खाली सतरंजीवर भांग पाडून बसलेला माझा बाप. अजून काही नको. इतकं सरळ सांगितल्यावर लोक म्हणतात, अगं, सगळ्यांचंच असं असतं. असेल. मला सगळ्यांचं माहीत नाही.

बाबा गेले त्यानंतर तीन वर्षांनी मी बारावीच्या पेपर तपासणीला होते. रणरणत्या एप्रिलमधली दुपार, कूलर घरघरतोय आणि वारा मात्र भलत्याच टेबलाकडे. माझ्या गठ्ठ्यात एक उत्तरपत्रिका आली. मराठीतली, घोटीव अक्षर, कुणातरी मोठ्या माणसाचं वाटावं असं. पाच जणी, दोघी शेजारी नकोत, त्याच जातीचा प्रश्न. आणि खाली पट्टीनं आखलेल्या रकान्यांत रांगाच रांगा. शेवटी चौकटीत बहात्तर.

मी काय केलं असेल? लोकांना वाटतं, माझे डोळे भरून आले असतील. छे! मी रागावले. इतक्या वर्षांनी तोच राग, जसाच्या तसा. रीत नाही, सूत्र नाही, चार गुणांपैकी दोन, असं लिहून पान उलटलं. पुढच्या दोन उत्तरपत्रिका तपासल्या. मग हात चालेना. परत मागे आले आणि ते पान घेऊन मॉडरेटर सरांकडे गेले. आमच्यापेक्षा वयानं बरेच मोठे, अमरावतीकडचे, कधी आवाज न चढवणारे गृहस्थ.

त्यांनी चष्मा वर केला. "मॅडम, प्रश्नात 'सूत्रानं काढा' असं कोठी लिहेल हाय?"

"नाही सर."

"किती पायजे होते?"

"बहात्तर."

"मंग त्यानं बहात्तर देले. तुम्ही फक्त मोजून घ्या. सगळे बरोबर असले तर चार द्या. त्यानं दोन मार्काचं उत्तर थोडी देलं!"

मी माझ्या टेबलाशी येऊन मोजायला बसले. एकेक रांग बोट ठेवून. वेळ किती गेला कुणास ठाऊक, चहा येऊन गार झाला. एकही रांग दोनदा आली नव्हती, एकही सुटली नव्हती. मी दोनावर रेघ मारून चार लिहिले, सही केली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबांनाही त्या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळाले असणार. नापास झाले ते वेळ पुरला नाही म्हणून. ते नुकसान खरंच. पण बहात्तर बरोबर आहे हे मी बसमध्येच म्हटलं होतं, आणि ज्या रीतीसाठी ओरडले होते, तीही बरोबर होती. माझीही आणि त्यांचीही.

संध्याकाळी घरी आले. आई तेव्हा माझ्याकडेच राहायची. पर्स खाली ठेवायच्या आधीच तिला म्हटलं, "आई, बाबांनी त्या पेपरात जे गणित सोडवलं होतं ना, बहात्तरचं, ते त्यांच्या रीतीनंही बरोबर होतं गं."

आई पोळ्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही. "तुले आज समजलं काय? ते तं त्याच दिवशी म्हनले होते मले. घरी आले, हातपाय धुतले, अन् म्हने, माहं उत्तर बरोबर हाय वं. तिचं जे आलं तेच माहं."

"मग मला का नाही सांगितलं? बसमध्ये तर म्हणाले, चुकलंच माहं."

"मीबी तेच इचारलं. तं म्हने, इतके लोक पाहून राहिले होते, त्याईच्यासमोर पोरीले खोटं पाडू काय?"

आईनं पोळी तव्यावर टाकली आणि मला हात धुऊन यायला सांगितलं. मी नळ सोडून बराच वेळ तशीच उभी राहिले.